शिंकेला मैदानबंदी

वडजाई संस्थानच्या फुटबॉल मैदानावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम तुका रंगाऱ्यावर सुटला. त्याचा गुन्हा काय? तर तो शिंकला!

लोकांच्या कामात माशी शिंकते, इथे तुकाच शिंकला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे शिंकेबरोबर अशी कडक शिट्टी वाजली की पंचाचीच वाटावी. वरच्या पेठेचा गडी गोल मारायच्या बेतात होता, तो शिट्टी ऐकून जागीच थांबला. झालं! धोंडदेव फौजदारानं तुकाची मानगूट धरली, गुन्हा शाबीत केला आणि जन्माची मैदानबंदी ठोकली.

वरच्या पेठेचे लोक पिवळे फेटे बांधत, खालच्या पेठेचे लाल. त्या साली एकेचाळीस जणांना मैदानबंदी झाली, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस लाल! त्यातल्या तिघांनी खरंच दगड भिरकावले होते. पण एक बिचारा नुसता फौजदारासमोर जांभई दिली म्हणून गेला. उलट पिवळ्यांनी गोलचा खांब उपटून घरी नेला, तेव्हा फौजदार कौतुकानं म्हणाला, "पोरांचा उत्साह हो!"

तुका आता सामन्याच्या दिवशी मैदानाच्या भिंतीला बाहेरून कान लावून बसे. ते त्याच्या लेकीला, केवडाला, बघवेना. अंतिम सामना चार दिवसांवर आला, तशी ती उठली आणि थेट रायाजीराव महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, तुमचं फौजदार मानसं धरत न्हाईत, फेटं धरत्यात!"

महाराज स्वतः पिवळ्या फेट्याचे, आणि हट्टाला तर तोड नाही. "आमच्या फौजदाराची नजर घारीची आहे! पिवळ्यांत गुन्हेगार नसतातच, मग धरील कुणाला?"

"आन् माझा बा? त्यो तर शिंकला नुसता!"

"लाल शिंक होती ती!" महाराज म्हणाले, आणि दरबार खो खो हसला. "बरं, असं कर. आमचा एक निरपराध पिवळा माणूस फौजदारानं स्वतःच्या हातानं धरला, तर तुझं खरं मानू. साक्षीदार नको, रडगाणं नको. नाही जमलं, तर तूही बस बापाशेजारी भिंतीबाहेर!"

आता फौजदार पिवळ्याला हात लावणार? रेड्याचं दूध काढ म्हणण्यातलीच गत! पण केवडानं पदर खोचला.

"येकच इचारते, सरकार. औंदा पिवळं फेटं रंगवायचं काम माझ्याकडंच न्हवं?"

"तुझ्याकडेच! आमचा फेटासुद्धा!"

सामन्याच्या दिवशी ऊन नुसतं रणरणत होतं. अशा वेळी बांधलेल्या फेट्यावरच गार पाणी शिंपून घ्यायची वडजाईची जुनी रीत. दुसरा डाव सुरू झाला आणि केवडा भरली कळशी घेऊन पिवळ्यांच्या शामियान्यात शिरली. मागच्या रांगेपासून एकेकाच्या फेट्यावर ओंजळ ओंजळ ओतत पुढे निघाली. सगळ्यांचे डोळे चेंडूवर, त्यामुळे कुणी मान वळवली नाही. "आहाहा!" एवढंच म्हणत होते लोक. शेवटची ओंजळ पहिल्या रांगेत महाराजांच्या फेट्यावर पडली.

फौजदार आणि त्याचे सगळे शिपाई नेहमीप्रमाणे लालांकडे डोळे वटारून, पिवळ्यांकडे पाठ करून उभे होते. खेळाच्या भरात शामियान्यातून आरोळी उठली, म्हणून फौजदारानं मागे वळून पाहिलं. अख्खा शामियाना लालेलाल!

"घुसले!" तो किंचाळला. "लाल सरकारांच्या शामियान्यात घुसले! धरा!"

पहिला हाताला लागला तो शेंगा खाणारा त्याचाच मेहुणा.

"अहो दाजी, मी हाय! मी!"

"लाल पेठेचा असून मला दाजी म्हणतोस? चल!"

मग पुढच्या रांगेत निवांत सरबत पिणाऱ्या एका जाडजूड माणसाची मानगूट त्यानं मागून पकडली.

"अरे, मी राजा आहे, राजा!"

"धरल्यावर सगळेच राजे असतात! ऊठ! जन्माची मैदानबंदी!"

तो माणूस वळला. फौजदाराच्या तोंडाचं पाणी पळालं, आणि महाराजांच्या हातातलं सरबत सांडलं.

"धोंडदेव! आम्हाला धरता? आम्ही केलं तरी काय?"

"स... सरकार... फेटा..."

महाराजांनी फेटा उतरवून पाहिला. तो कुंकवासारखा लाल!

केवडा रिकामी कळशी कमरेवर घेऊन पुढे आली. "हळदीचा रंग हाय, सरकार. चुन्याची निवळी पडली की लाल हुतो. बाकी मानूस त्योच, जागा तीच, सरबत बी तेच. पिवळा हुता तवर साव, लाल झाला की चोर!"

"सरकार!" फौजदार ओरडला. "या पोरीनं अख्ख्या दरबाराला चुना लावला!"

"न्हाई हो फौजदार!" केवडा म्हणाली. "म्या नुसती निवळी वतली. चुना तर तुमीच लावताय, वरीसभर!"

महाराज असे हसले की खुर्ची मागे कलंडली आणि चार शिपायांनी त्यांना उभं केलं.

"दगड मारणारे तिघे बाहेरच राहतील," डोळे पुसत ते म्हणाले, "आणि खांब उपटणारे आमचे पिवळे त्यांच्या सोबतीला! बाकी सगळ्यांची बंदी उठली. केवडा, ती कळशी तुला चांदीची करून मिळेल. आणि धोंडदेव, यापुढे तुम्ही निम्मा लाल, निम्मा पिवळा फेटा बांधायचा. माणसाला आधी विचारायचं, काय केलंस? मग धरायचं! जा, तुकाला आणून आमच्या शेजारी बसवा."

तुका आला आणि महाराजांशेजारी खुर्चीत बसला. आनंदानं त्याचे डोळे भरले, नाक हुळहुळलं. शेवटचं मिनिट होतं. लाल पेठेचा गडी मोकळ्या गोलसमोर पोचला, त्यानं पाय उचलला...

"आऽऽक्‌छी!"

कडक शिट्टी! गडी जागीच थांबला. फौजदार धावत आला, पुढे केलेला हात मागे घेतला आणि नम्रपणे म्हणाला, "काय केलंत?"

तुका काही बोलायच्या आतच अख्खी खालची पेठ एका सुरात ओरडली, "फौजदारसाहेब, त्याला मैदानबंदी करा!"

आणि महाराज पुन्हा खुर्चीसकट मागे गेले.