राजाची दाढ आणि दहा चिंचोके

राजा चंडकेतूची दाढ तीन दिवस ठणकत होती आणि राज्याला राजवैद्य नव्हता! वैद्यशाळेतून नुकतेच उत्तीर्ण झालेले दोन विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन दरबारात उभे होते: प्रधानांचा भाचा पद्मनाभ आणि लोहाराची लेक सगुणा.

विषय चार, प्रत्येकी दहा गुणांचे: दाढ उपटणे, औषधी, राजस्तुती आणि विडा लावणे. शेवटचे दोन विषय खुद्द राजाने अभ्यासक्रमात घातले होते. पद्मनाभाला अनुक्रमे दोन, चार, दहा, दहा. सगुणेला दहा, नऊ, दोन, तीन.

सुजलेला गाल धरून राजाने बेरजा केल्या आणि चाराने भागले.

"पद्मनाभ साडेसहा, सगुणा सहा. पद्मनाभ राजवैद्य!"

"बेरीज बरोबर आहे, महाराज," सगुणा म्हणाली, "सरासरी चुकली."

"माझी? अगं पोरी, सगळे विषय समान, हा माझा नियम आहे! एवढी शहाणी असशील, तर एकही गुण न बदलता तुझी सरासरी याच्या वर नेऊन दाखव. नाही जमले, तर जन्मभर बापाचा भाता ओढ!"

दरबारी फिदीफिदी हसले.

"दाखवते की! पण तोवर नियम शिरोधार्य. राजवैद्य, महाराजांची दाढ ठणकते आहे. काढा ना!"

पद्मनाभाने पक्कड उचलली. उलटी.

"आ करावा, महाराज."

"थांब! दूर हो!" राजा सिंहासनाच्या पाठीमागे सरकला.

"भिता कशाला?" सगुणा म्हणाली. "दाढ अर्धी आत राहिली, तर हे स्तुती गातील. जबडा निखळला, तर विडा लावून देतील. सगळे विषय समानच ना?"

सगुणेने राजापुढे दहा चिंचोके ठेवले.

"आता आपणच वाटा, महाराज. या दाढेला ज्या विद्येची जितकी गरज, तितके चिंचोके त्या विद्येला."

राजाने सात चिंचोके दाढ उपटण्याला दिले, दोन औषधींना. उरलेला एक हातात घोळवला आणि हळूच स्तुतीपुढे ठेवला. विड्याला काहीच उरले नाही.

"आता प्रत्येक विषयाचे गुण त्याच्या चिंचोक्यांनी गुणू. माझे सत्तर, अठरा आणि दोन, म्हणजे नव्वद. दहा चिंचोक्यांनी भागले की सरासरी नऊ! पद्मनाभपंतांचे चौदा, आठ आणि दहा, म्हणजे बत्तीस. सरासरी सव्वातीनसुद्धा भरत नाही! गुण एकही बदलला नाही, महाराज. वजन आपल्याच हातांनी घातलेत."

राजा पद्मनाभाकडे पाहून गुरगुरला, "तू विडे लाव!" मग सगुणेला राजवैद्याची शाल पांघरवली आणि भीतभीत तोंड उघडले.

"फार दुखेल का गं?"

"आपल्या जुन्या पद्धतीने बत्तीस दातांची सरासरी काढली, तर नावालाच, महाराज. बाकीच्या एकतीस दातांना काहीसुद्धा होणार नाही!"

राजा खदाखदा हसला, जबडा पुरता उघडला, आणि तेवढ्यात दाढ सगुणेच्या पकडीत आली!