मधल्याच्या पोटातला कापूस

घरातल्या वस्तू माणसांशी मोकळेपणानं बोलत, त्या काळातली ही गोष्ट. शर्वरीनं टीव्हीखाली ठेवायला प्लायवूडचा मधला स्पीकर स्वतः बनवला. सिनेमातली माणसं बोलतात ते ऐकवणं, हे त्याचं काम. पण हा आतून घुमला तर, या काळजीनं तिला दोन रात्री झोप आली नाही. शेवटी तिनं एक अख्खी उशी उसवून सगळा कापूस त्याच्या पोटात कोंबला.

सिनेमा सुरू झाला, पण बोलणं काही कळेना. दोन्ही बाजूंचे विकतचे उंच स्पीकर खिदळले, "काय रे मधल्या, तोंडात लाडू आहे का?"

शर्वरी हिरमुसली. "मला भेंडीशिवाय काही धड कापता येत नाही. माळ्यावर टाकते तुला."

"टाका, पण आधी ऐका," मधला कसाबसा म्हणाला. "फळ्या सरळ कापल्यात, सांधे घट्ट बसवलेत. खोट कशातच नाही. फक्त निम्मा कापूस काढा."

"आणि घुमलास तर?"

"थोडा घुमेन. पण बोलेन तरी!"

तिनं मागची फळी उघडून मुठीमुठीनं कापूस काढला. फळी परत बसताच पडद्यावरची मावशी खणखणीत ओरडली, "दार उघड गं, जेवायला आलेय!"

शर्वरी ऐटीत मागे वळली. तिची चार वर्षांची रेवा पंख्याखाली, सर्दी होईल म्हणून तिनंच चढवलेली कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून घामाघूम बसली होती.

"आई," ती म्हणाली, "आता माझा पण निम्मा कापूस काढ."