शिंपिणीनं ओढला दोरा

इवलीशी एक शिंपीण होती. चिमणीहूनही लहान पाखरू. शेपटी वर, चोच सुईसारखी. पानाला पान शिवायची आणि त्यात घरटं करायची.

शिंपीण राहायची कुसुमकाकूंच्या परसात, लिंबोणीच्या झाडावर. झाडाजवळ उभी होती घरगाडी. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, आत शेगडी, आत खिडकी. खिडकीला निळा पडदा. पडद्यावर लाल लाल मासे.

थंडीत काकू आणि दिनूकाका घरगाडीतून फिरायला जायचे. उन्हाळ्यात गाडी परसात झोपायची. झोपण्याआधी काकू तिला आवरायच्या. यंदाही त्यांनी गादी उभी केली, म्हणजे तिला वारा लागेल. डबे रिकामे केले, म्हणजे मुंग्या येणार नाहीत. कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवला. शेवटी खिडकीवर बाहेरून जाड कापड नाडीनं बांधलं.

"उन्हानं पडदा विटतो," काकू म्हणाल्या. "हे कापड असू दे."

मग काका-काकू लेकीच्या गावी गेले.

शिंपिणीला घरट्यासाठी दोरा हवा होता. कापडाच्या कडेला एक दोरा लोंबत होता. एकच दोरा. तिनं तो चोचीत धरला. सर्र सर्र ओढला.

कापडाची शिवण उसवली. नाडी निसटली. वारा आला, सूं सूं सूं. कापड उडालं, फडफड फडफड. दूर गेलं.

खिडकी उघडी पडली. ऊन आत शिरलं आणि लाल माशांवर जाऊन बसलं.

शिंपीण बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं. दोरा तिनं घरट्यात ओवून टाकला. पण घरटं काही गोड लागेना. मग ती निघाली कापड शोधायला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कापड बोरीच्या काट्यांत अडकलं होतं. शिंपीण म्हणाली,

"बोरीबाई, बोरीबाई, कापड दे.
कापड झाकेल खिडकी.
खिडकी उघडी, पडदा उन्हात."

बोर म्हणाली, "माझ्या फांद्या वाळल्या. वाकत नाहीत. पाटाला सांग, पाणी दे. मग मी देईन."

शिंपीण निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. शेताला पाणी नेणारा पाट लागला.

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे.
बोर देईल कापड.
कापड झाकेल खिडकी.
खिडकी उघडी, पडदा उन्हात."

पाट म्हणाला, "माझ्यात पाला अडकला. पाणी पुढे जात नाही. शेळीला सांग, पाला खा. मग मी देईन."

शिंपीण निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बांधावर शेळी बसली होती.

"शेळीताई, शेळीताई, पाला खा.
पाट देईल पाणी.
बोर देईल कापड.
कापड झाकेल खिडकी.
खिडकी उघडी, पडदा उन्हात."

शेळी म्हणाली, "माझ्या पायात काटा रुतला. चालवत नाही. साळुंकीला सांग, काटा काढ. मग मी खाईन."

साळुंकीकडे जाता जाता शिंपिणीनं गाडीत डोकावलं. ऊन अजून तिथंच बसलं होतं. एक मासा गुलाबी झाला होता. ती तिथं थांबली नाही. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"साळुंकीमावशी, साळुंकीमावशी, काटा काढ.
शेळी खाईल पाला.
पाट देईल पाणी.
बोर देईल कापड.
कापड झाकेल खिडकी.
खिडकी उघडी, पडदा उन्हात."

साळुंकी म्हणाली, "माझी पिल्लं भुकेली. सोडून कशी येऊ? उंबराला सांग, फळ दे. मग मी काढेन."

शिंपीण निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आता तिचे पाय दुखत होते.

"उंबरआजोबा, उंबरआजोबा, फळ दे.
साळुंकी काढेल काटा.
शेळी खाईल पाला.
पाट देईल पाणी.
बोर देईल कापड.
कापड झाकेल खिडकी.
खिडकी उघडी, पडदा उन्हात."

उंबर म्हणाला, "माझी फळं फांदीला घट्ट. माझी मला हलवता येत नाहीत. वाऱ्याला सांग, फांदी हलव. मग मी देईन."

वारा टेकडीवर पडून होता. शिंपीण त्याच्यापाशी गेली. टुणुक टुणुक, टुणुक... टुणुक.

"वारेबुवा, वारेबुवा, फांदी हलव.
उंबर देईल फळ.
साळुंकी काढेल काटा.
शेळी खाईल पाला.
पाट देईल पाणी.
बोर देईल कापड.
कापड झाकेल खिडकी.
खिडकी उघडी, पडदा उन्हात."

वारा उठून बसला. म्हणाला, "ते कापड तर मीच नेलं. नाडी सुटलेली होती, मला वाटलं कुणाला नको असेल."

मग त्यानं विचारलं, "नाडी कुणी सोडली?"

शिंपिणीची वर असलेली शेपटी हळूहळू खाली आली.

"मी," ती म्हणाली. "मी दोरा ओढला. काकूंना विचारलं नाही. कापड जाईल असं वाटलं नव्हतं."

वारा टेकडीवरून खाली उतरला.

"मीही विचारलं नाही," तो म्हणाला. "चल."

वाऱ्यानं फांदी हलवली. गदगदा गदगदा.
उंबरानं फळ दिलं. टप्प.
फळ फुटलं. शिंपिणीनं गर चोचीत धरला, पिल्लांना भरवला. पिल्लं गप्प झाली.
साळुंकीनं काटा काढला. टच्च.
शेळीनं पाला खाल्ला. कुरुम कुरुम.
पाटानं पाणी दिलं. झुळझुळ झुळझुळ.
बोर वाकली, बोरीनं कापड दिलं. सुळकन.

वाऱ्यानं कापड उचललं आणि खिडकीवर आणून धरलं. पण बांधायचं कशानं? नाडी होती, तिला धरून ठेवणारा दोरा नव्हता.

शिंपीण घरट्यात गेली. घरट्यातून तोच दोरा तिनं काढला. शिवलेली पानं सुटली. घरटं उघडं झालं.

मग ती शिवायला बसली. सुई आत, सुई बाहेर. चोच आत, चोच बाहेर. नाडी आवळली. कापड घट्ट बसलं. खिडकी झाकली. आत सावली पडली.

काही दिवसांनी काका-काकू परत आले. बंद गाडीला हवा दाखवायला आले होते. दार उघडलं. गादी कोरडी होती. मुंग्या नव्हत्या. पण पडद्याच्या एका कडेचे मासे पांढरे झाले होते.

दिनूकाका म्हणाले की कापड नीट बांधलं नसेल. काकूंनी बाहेर येऊन कापड सोडलं आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं इवले इवले टाके होते, एकाशेजारी एक.

"हे टाके माझे नाहीत," काकू म्हणाल्या.

त्यांनी लिंबोणीकडे पाहिलं. उसवलेलं घरटं त्यांना दिसलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दोऱ्याचं एक रीळ काढलं. दोऱ्याचे लांब लांब तुकडे केले आणि लिंबोणीच्या फांदीवर ठेवले.

"हे तुझे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी हाक मार."

शिंपीण आली. दोऱ्यापाशी बसली, पण दोरा लगेच उचलला नाही. तिनं खिडकीतून आत पाहिलं. बाकीचे मासे लाल होते. कडेचे मासे पांढरे होते. ते पुन्हा लाल होणार नव्हते.

काकूंनी खिडकी झाकली.

मग शिंपिणीनं एक दोरा चोचीत धरला आणि हळूच पानाला पान जोडलं.