अर्धा फेटा

ऐन दसऱ्याच्या दिवशी चिमासाहेब सरदारांनी गड्यांचं दुपारचं जेवण बंद केलं. म्हणाले, "आयतं खाऊन माजलात."

त्यांचा फेटा बांधत असलेल्या गणोजीने अदबीने विचारलं, "सरकार, आयतं म्हणजे नेमकं काय?"

"स्वतः बोटही न हलवता मिळतं ते. माणूस त्यानं बिघडतो."

गणोजीचे हात थांबले. फेट्याचं सुटं टोक सरदारांच्या हाती देत तो म्हणाला, "मग सरकारांना बिघडवण्याचं पाप मी करणार नाही. उरलेला आपणच बांधावा."

बाहेर सीमोल्लंघनाची मिरवणूक खोळंबली होती. फेटा चारदा नाकावर घसरला, तेव्हा सरदार पुटपुटले, "बांध बाबा. जेवायला काय हवं?"

"पुरणपोळी," गणोजी म्हणाला आणि मगच त्याने नव्याने पहिला पेच घेतला.