नेट बंदची ऑनलाइन तक्रार

बंद पडलेलं नेट चालूच आहे, असं कुणी ठासून सांगितलं तर काय करावं? कुमुदताई शिंत्र्यांना विचारा.

लेकीची ऑनलाइन मुलाखत उद्यावर आली आणि घरचं नेट गेलं. राउटर बंद-चालू करून दमलेल्या ताई नेट कंपनीच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर कारेकर म्हणाले, "तक्रार ऑनलाइनच करायची." ताईंनी शेजारच्या सायबर कॅफेतून ती केली आणि त्या परत आल्या.

स्क्रीन बघून कारेकर ऐटीत म्हणाले, "तक्रार ऑनलाइन आली, म्हणजे तुमचं नेट चालू आहे. विषय संपला!"

"बरं साहेब," ताई म्हणाल्या, "हेच उत्तर माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवा. तिथं वाचलं, की तक्रार मागे घेते."

कारेकरांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि फोन उचलला.

संध्याकाळी उत्तर ताईंच्या घरी पोहोचलं. पण त्याच्या आधी पोहोचला होता कंपनीचा वायरमन, शिडी घेऊन.