बकुळाची इच्छा बकुळानेच सांगायची

केतकीला वाटलं होतं, धाकटी बकुळा शाळेत जाऊ लागली की तिला सांभाळायला सोडलेल्या चौथीच्या वर्गात आपल्यालाही पुन्हा बसता येईल. नकाशांचं रंगीत पुस्तक, खिडकीजवळची जागा, शेजारी मैत्रीण! झालं भलतंच. बहिणीच्या सोबतीला दहा वर्षांची उंच केतकी पहिलीच्या इवल्या इवल्या मुलांमध्ये बसू लागली, तीही अगदी मागे, भिंतीला टेकून. ती पुढे बसली तर बाकीच्यांना फळा दिसला नसता. आणि तिच्या शेजारी, तिचा हात घट्ट धरून, बकुळा.

सात वर्षांची बकुळा म्हणजे गोल गोल चेहरा, किंचित तिरपे हसरे डोळे आणि आखूड, गुबगुबीत बोटं. तिला डाउन सिंड्रोम होता. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं होतं, "प्रत्येकाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक धागे असतात. हिच्या अंगात त्यातला एक जास्तीचा आहे. हा आजार नव्हे आणि कुणाची चूकही नव्हे. ती शिकेल. तिच्या चालीनं शिकेल."

पण पहिलीच्या बाई मोठ्या घाईच्या. बाईंनी प्रश्न विचारायचा, बकुळानं "म... मला..." म्हणून तोंड उघडायचं आणि केतकीनं पटकन सांगून टाकायचं, "बाई, तिला पाणी प्यायचंय!" बकुळाची उत्तरं केतकी द्यायची. पाटीवरची अक्षरंही केतकीच गिरवायची.

एके दिवशी शाळा सुटताना बाई म्हणाल्या, "केतकी, असं किती दिवस चालायचं? मला तर हिचा आवाजसुद्धा माहीत नाही. उद्या सकाळी तिनं स्वतः, तुझ्या मदतीशिवाय, मला एक तरी गोष्ट सांगायची. नाही जमलं, तर तिला घरीच ठेवा."

घरी ठेवायचं म्हणजे कुणापाशी? बाबा नव्हते. आई उजाडताच लोकांच्या मळ्यात फुलं तोडायला जायची. बकुळा घरी म्हणजे केतकीही घरी. मग चौथी कायमचीच सुटली.

संध्याकाळी दोघी बहिणी आईला आणायला मळ्यात निघाल्या. मावळतीचं ऊन झेंडूंवर सोन्यासारखं सांडलं होतं. बांधावर गुलबाक्षीच्या नाजूक कळ्या उमलायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एक दांडगी शेळी आली आणि ते झुडूप कराकरा चावू लागली.

"हट्! हट् गं मेली!" केतकी ओरडली. शेळीनं कानसुद्धा हलवला नाही.

बकुळाला मात्र एक चिमुकली कळी थरथरताना दिसली. ती शेळीच्या आणि झुडपाच्या मध्ये गेली आणि तिनं सरळ फतकल मारली. बकुळा एकदा बसली की बसली, हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं. आता ते शेळीलाही कळलं. तिनं ढुशी देऊन पाहिली, बकुळाच्या वेणीची रिबीन चघळून पाहिली आणि शेवटी कंटाळून निघून गेली.

कळी अलगद उमलली. आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली! पाकळ्यांचा गुलाबी झगा, दवबिंदूंचे पिटुकले पैंजण, चांदीच्या वर्खासारखे लखलखणारे पंख.

"बाई बाई, वाचले!" परी म्हणाली. "नाहीतर आज शेळीच्या पोटात नाचावं लागलं असतं. तुझं नाव काय गं, राणी?"

"बकुळा!" केतकी म्हणाली.

"मी तिला विचारलं होतं," परी हसली. तिनं तीन बुडबुडे फुंकले, एक गुलाबी, एक पिवळा, एक शुभ्र पांढरा. "या तीन इच्छा. ज्या मुलीनं मला वाचवलं, तिच्या. इच्छा जिची तिनंच सांगायची. मधे दुसरं कुणी बोललं, की बुडबुडा फुटला."

केतकीला कुठला धीर! "तिला सगळ्यांसारखं भरभर बोलता येऊ दे!"

फट्! गुलाबी बुडबुडा गेला.

"अगं, पण मी तिच्या भल्याचंच..."

"असेल. पण ती इच्छा तुझी."

"म... मला..." बकुळा बोलू लागली.

"खाऊ ना? खाऊच हवाय हिला!"

फट्! पिवळाही गेला. केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी मुद्दाम नाही केलं हो!"

"मला माहीत आहे," परी मायेनं म्हणाली. "तू फार मायाळू आहेस. आता याहून अवघड माया कर. थांब."

केतकीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"मला..." बकुळा म्हणाली. एक पिवळं फूल उमललं. "मला... पु... पुढं..." सूर्य अर्धा बुडाला. आभाळ केशरी झालं, मग जांभळं. केतकीनं स्वतःच्या बोटाला चावा घेतला, पण ती बोलली नाही.

"पुढं... बसायचंय. मागून... फळा... दिसत नाही."

केतकीचे हात गळून पडले. बकुळाला अक्षरं कळत नाहीत, असं सगळे म्हणत. अक्षरं तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती! आणि ती मागे बसायची ती आपल्यापायी.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू..." बकुळा म्हणाली, "बोलत होतीस."

परी घुंगरांसारखी खळखळून हसली. पांढरा बुडबुडा झुलत झुलत शाळेच्या कौलांकडे निघाला.

"उद्या बाई थांबतील," परी म्हणाली. "एवढं माझ्याकडून. पुढचं थांबणं तुम्हा माणसांनी आपापसांत शिकायचं." आणि बांधावर हजार काजवे एकदम फुलावेत तसा लख्ख प्रकाश झाला. त्या प्रकाशात परी विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बकुळाला पुढे बोलावलं. केतकी दारातच उभी राहिली. बाईंच्या खांद्यावर पांढऱ्या बुडबुड्याच्या कणांची इवलीशी रांगोळी चमकत होती. हातातला खडू हातातच राहिला. एक चिमणी खिडकीतून आत आली, वर्गभर फिरली, निघून गेली, तरी बाई थांबून होत्या. आणि बकुळानं सांगितलं. अख्खं सांगितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

बाईंचा चेहरा कावराबावरा झाला. "एवढंच होतं? आणि मी तुला घरी पाठवत होते!" त्यांनी स्वतः बकुळाची पाटी उचलली आणि फळ्याच्या अगदी समोर ठेवली. "आईला सांग हं, डोळे तपासून घ्यायला."

बकुळानं मान वर केली. फळ्यावरचा 'क' तिनं बोटानं हवेत हळूहळू गिरवला आणि ती गालभर हसली.

"केतकी," बाई म्हणाल्या, "तू बस हवं तर मागे. तिला काही लागलं तर?"

केतकीनं मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग बहिणीच्या ताठ, छोट्याशा पाठीकडे पाहिलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "लागलं तर ती सांगेल."

आणि दप्तर खांद्याला अडकवून केतकी चौथीच्या वर्गाकडे निघाली.