झेलाबाईची कोरड

ही पट्टी बघून पाहुणे हमखास विचारतात. दोन्ही अंगांना हिरवागार गहू, उशाशी पाट वाहतोय, मग मधलीच बिघाभर जमीन उघडीबोडकी कशी? आळशी मालक दिसतोय, असंही मागे एक शहाणा बोलला. त्याला मी तिथंच गप्प केलं. आळशाची नव्हे बाबा, ही झेलाबाईची कोरड. बसा बांधावर, सांगतो.

फार जुनी गोष्ट. माझ्या आजाच्या आजालाही साल ठाऊक नव्हतं. नदीवर दगडी बंधारा होता, आणि पाटाचं पाणी घरोघरच्या शेतांना वाटून द्यायला गावानं उखा पाटकरी नेमला होता. झेलाबाई त्याची बायको. त्यांचं शेत इथंच, पाटाच्या मुखाशी.

त्या साली पावसानं दगा दिला. माघातच बंधाऱ्याचा तळ दिसू लागला. वरच्या शेतांची पाळी होऊन गेली होती. उरलेलं पाणी टोकाकडच्या वीस घरांचं, मधे कुणी थेंब घ्यायचा नाही, असं पंचांनी ठरवलं. उखानं बंधाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पाण्यासोबत चालत टोकाला गेला.

इकडे झेलाबाईचा गहू चिकात आलेला. एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर नुसता भुसा. घरात लेक बाळंतपणाला आलेली, आणि कणगी खडखडीत. भर दुपारी शिवारात चिटपाखरू नव्हतं. घटकाभर घेते नि बुजवते, असं म्हणून तिनं कुदळीनं पाटातून आपल्या शेतात येणाऱ्या चारीचं तोंड फोडलं म्हणे.

पण पाणी कुणाच्या बापाचं ऐकतं का? बघता बघता काठ खचला. हातभर तोंड, मग पुरुषभर. झेलाबाई चिखल लोटतेय, दगड टाकतेय, सगळं वाहून जातंय. शेवटी लुगड्याचा पदर फाडून कोंबला, तोंडात आडवी बसली, तेव्हा कुठं पाणी अडलं आणि चिखलाचा बांध टिकला. तोवर अर्धं शेतात जिरलं होतं.

टोकाला उखाच्या पायाशी धार बारीक होत होत थांबली. बुधा म्हणून एक म्हातारा होता, त्याचं शेत सगळ्यात शेवटचं. तो ओरडला, "वरच्यांनी पाट फोडला रे!" झालं! वीस घरांचे बाप्ये कुदळी घेऊन धावत सुटले. वरचेही काठ्या घेऊन आडवे आले. वरचे देवाच्या आणा घेतायत, खालचे ऐकत नाहीत. उखा मधे उभा राहून हात जोडतोय, त्याला कोण विचारतंय! बुधाच्या पोरानं वरच्या एकावर कुदळ उगारली.

झेलाबाई गव्हात दडून हे बघत होती. गप्प राहिली असती तर तिचं नाव कुणी घेतलं नसतं. पण आपल्या पाण्यापायी दुसऱ्याचं रक्त सांडणार, हे काही तिला सोसवेना. फाटक्या लुगड्यानिशी, चिखलानं माखलेली, ती थेट त्या कुदळीखाली येऊन उभी राहिली.

"मारायचं तर मला मारा. पाट मी फोडला."

उखानं तिच्याकडे बघितलं नाही म्हणे. बुधाच्या पोरानं कुदळ खाली घेतली. चोरीच्या पाण्याचं पीक घरात नको, म्हणून झेलाबाईनंच शेताचं कुंपण उपसलं आणि गावाची गुरं हाळी देऊन आत बोलावली. लेकीच्या तोंडचा घास गुरांनी संध्याकाळपर्यंत साफ केला. ती उभी राहून रडत होती, पण एकाही गुराला हाकललं नाही. मग उखा बोलला, "ज्याच्या हाती पाट, त्याला पाटाखाली शेत नको." आणि उरलं पाणी घेऊन पुन्हा टोकाकडे चालू लागला.

त्या पाण्यावर टोकाचा गहू कसाबसा पिकला. पहिली पेंढी बुधानं स्वतः डोक्यावर आणून झेलाबाईच्या उंबऱ्यावर ठेवली. "लेकीला खीर कर," एवढंच बोलला.

तेव्हापासून या पट्टीत नांगर नाही. पाटकऱ्याला पाटाखाली जमीन नाही. आजही नवा पाटकरी नेमताना गाव बंधाऱ्यावर जमतो, आणि पाटकरीपणाची काठी आधी त्याच्या बायकोच्या हातात देतात. ती सगळ्यांदेखत विचारते, "माझ्या लेकरांचं पोट कोण भरणार?" मुखापासून टोकापर्यंतची सगळी घरं म्हणतात, "आम्ही." एक घर जरी गप्प राहिलं, तरी ती काठी खाली ठेवते, आणि त्या दिवशी पाटाला पाणी सुटत नाही.